चोर खिडकी

ऐन मे महिन्यात आमचा टुल्लू पंप चोरीला गेला. सोनं चोरणाऱ्याला मी एकवेळ माफ करीन, पण चंद्रपुरात मे महिन्यात टुल्लू पंप नेणारा माणूस म्हणजे तोंडचं पाणी पळवणं या वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ. पारा सत्तेचाळीसच्या वर, नळाची धार करंगळीएवढी, आणि ती धार टाकीपर्यंत चढवणारा एकमेव कर्ता पुरुष रात्रीतून गायब. मी घरात असून नसल्यासारखा, हे त्या दिवशी आईनं मोजक्या शब्दांत सांगितलं.

“कॅमेरे लावून घे,” बायको म्हणाली.

आमचं घर तुकूमच्या पुढं, दुर्गापूरच्या वाटेवर. एका अंगाला औष्णिक वीज केंद्राची धुराडी, दुसऱ्या अंगाला झुडपी जंगल. त्यामुळं आमच्याकडं रात्री येणारे दोन पायांचे असू शकतात, तसे चार पायांचेही. शिवाय गोंड राजांनी या गावाला एवढा दगडी परकोट बांधला, जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा असे चार दरवाजे ठेवले, पाच खिडक्या ठेवल्या, आणि त्यातल्या एका खिडकीचं नावच चोर खिडकी. ज्या गावानं चोरांची अशी वेगळी सोय केली, तिथं माझ्या चार फुटी कंपाउंडची काय पत्रास?

कॅमेरे लावणारा पोरगा आला तो फटफटीवर, गळ्यात वायरचं भेंडोळं घालून. त्यानं मला विचारलेला पहिला प्रश्न होता, “काकाजी, डोम की बुलेट?” मी निवृत्त बँक कर्मचारी. बुलेट म्हटल्यावर मी दोन पावलं मागं सरलो. मग त्यानं समजावलं, की वाटीसारखा दिसतो तो डोम, नळकांड्यासारखा तो बुलेट. “बुलेट लावा. चोराला दिसला पाहिजे ना जी. अर्धं काम भीतीनंच होते.” मग मेगापिक्सल. “टू मध्ये काही दम नाही. फाइव्ह घ्या.” भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा मी, मेगापिक्सलच्या बाबतीत मात्र ‘असू दे, घेऊ’ म्हणालो. न कळणाऱ्या गोष्टीत घासाघीस करायला माणसाला लाज वाटते, या एका तत्त्वावर अर्धी बाजारपेठ चालते.

चार कॅमेरे, एक डीव्हीआर म्हणजे चित्रण साठवणारा डबा, एक टीबीची हार्डडिस्क. डीव्हीआर कुठं ठेवायचा यावर घरात परिषद झाली. इन्व्हर्टरची लाइन असलेला रिकामा प्लग एकट्या देवघरात होता. म्हणून तो डबा बाळकृष्णाच्या शेजारी बसला. आई रोज त्यालाही दोन फुलं वाहते. दसऱ्याला त्याच्यावर स्वस्तिक निघालं. “तोही सगळं पाहून राहिला, अन् हाही,” ती म्हणाली. दोघंही वेळेवर काही करत नाहीत, हे मी मनात म्हणालो.

जाताना पोरानं पासवर्ड सांगितला. मी लिहून घेतला. “लिहाचं काही काम नाही काकाजी, पूर्ण लाइनचा एकच ठेवला आहे. लक्षात राहाते.” म्हणजे आमच्या ओळीतल्या सात घरांना सात कुलपं आणि किल्ली एक. माझी झोप पंपानं उडवली नव्हती एवढी या वाक्यानं उडवली. तो पासवर्ड मी त्याच रात्री बदलला.

पहिल्या आठवड्यात कळलं, की कॅमेऱ्यात सगळं दिसतं आणि कुणीच ओळखू येत नाही. याला म्हणे २.८ मिलिमीटरचं भिंग कारण. हे भिंग रुंद पाहतं: फाटक, रस्ता, समोरचं घर, कडुनिंब, सगळं एका चौकटीत. पण रुंद पाहणाऱ्याला खोल दिसत नाही. फाटकातला माणूस लग्नाच्या ग्रुप फोटोतल्या मागच्या रांगेतल्या मामेभावाएवढा. पाच मेगापिक्सल होते खरे, पण त्यातले बरेचसे कडुनिंबाच्या वाट्याला गेले.

हा घोळ सोडवायला आले शेजारचे वनपाल काका. निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण अजून खाकी मोजे घालतात. त्यांनी मान वर करून कॅमेऱ्याकडं पाहिलं.

“किती उंच लावला बे?”

“बारा फूट. कुणाचा हात पुरू नये म्हणून.”

“माणूस पाहाचा आहे का त्याचं टक्कल?”

मग त्यांनी माझा वर्ग घेतला. जंगलात वाघासाठी कॅमेरा लावतात तो गुडघ्याच्या उंचीवर, झाडाच्या बुंध्याला, आणि एक नाही, दोन, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर. कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे वेगळे आणि उजव्या कुशीवरचे वेगळे; एकच बाजू मिळाली तर एकाच वाघाचे दोन वाघ होतात. आणि मुख्य म्हणजे आधी वाट शोधायची. पावलं, विष्ठा, झाडावरचे ओरखडे बघत चार दिवस हिंडायचं, मग कॅमेरा बांधायचा. “तू आधी कॅमेरा घेतला अन् आता चोराला वाट दाखवून राहिला.”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. गेली शंभर वर्षं या कामाचा क्रम तोच आहे. एफ. डब्ल्यू. चँपियन नावाचा इंग्रज वनाधिकारी १९२०च्या दशकात शिवालिकच्या जंगलात वाटेवर तार ताणून ठेवायचा. वाघाचा पाय तारेला लागला, की वाघानं स्वतःच स्वतःचा फोटो काढलेला असायचा. त्याला मेगापिक्सल विचारायला कुणी नव्हतं. वाट माहीत होती, तेवढं पुरलं.

काकांना मात्र कॅमेऱ्यापेक्षा जुनी पद्धत प्यारी. पूर्वी वाघ मोजायचे पंज्याच्या ठशांवरून, काचेवर रेघा ओढून. राजस्थानातल्या सरिस्कात वाघच उरले नाहीत हे २००५ मध्ये उघड झालं आणि ती पद्धत मोडीत निघाली. पण काकांच्या हातातून ती गेलेली नाही. त्यांनी फाटकाशी चाळणीनं बारीक काळी भुकटी पसरली. (ही भुकटी चंद्रपुरात विकत आणावी लागत नाही. गच्चीवर चादर वाळत घातली, की संध्याकाळी पावशेर मिळते.) दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे टेकून त्यांनी ठसे वाचले. एक मांजर. दोन कुत्री. आणि एक चपलेचा ठसा, त्यावर ते बराच वेळ थांबले.

“नर आहे. वय झालेलं. उजवी टाच घासते. चाल मंद. कशाची घाई नाही.”

“चोर?” मी कुजबुजलो.

“तू. दूध घ्यायला आला होता.”

एक कॅमेरा खाली आला, सहा फुटांवर, फाटकाकडं तोंड करून, सहा मिलिमीटरचं भिंग लावून. आता माणसाचं तोंड दिसू लागलं. पण त्याच रात्री फोन वाजू लागला. या कॅमेऱ्याला हालचाल कळते. म्हणजे, चित्रातले ठिपके बदलले एवढंच त्याला कळतं. कशानं बदलले याचा विचार करणं त्याच्या पगारात बसत नाही. पहिल्या रात्री दोनशे चौदा संदेश आले. कडुनिंबाची फांदी हलली. पतंग आले, आणि अंधारात पाहायला कॅमेरा जे अवरक्त दिवे लावतो, त्यांच्या उजेडात भिंगापुढचा एकेक पतंग झळकला. किडे आले म्हणून कोळी आला. त्यानं भिंगासमोरच जाळं विणलं, आणि पहाटे अडीच वाजता माझ्या फोनच्या पडद्यावर म्हशीएवढा कोळी आठ पायांनी आमचं फाटक ओलांडत होता. मी दचकून ओरडलो. बायकोनं कूस बदलली आणि झोपेतच म्हणाली, “झाडू घेऊन जा.”

पोरानं ‘फक्त माणूस ओळखा’ ही खूण सुरू करून दिली. तेव्हापासून दोरीवरचा माझा लेंगा माणूस ठरला आणि मी मात्र ठरलो नाही.

मी वैतागलो, तेव्हा काकांनी आकडे सांगितले. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. फोटो आले जवळपास साडेतीन कोटी. त्यात वाघाचे किती? ७६,६५१. बिबट्याचे ५१,७७७. बाकी चितळ, सांबर, रानडुकरं, गवत आणि माणसं. हिशेब बँकेतल्या माणसानं केला: हजार फोटोंत दोन वाघ. म्हणजे माझ्या दोनशे चौदात अर्धा वाघ यायला हरकत नव्हती. मी संदेश बंद केले.

आणि नेमका तेव्हाच तो आला.

त्याआधी एक हळहळ सांगतो. आम्ही भाचीच्या लग्नाला पुण्याला आठ दिवस गेलो होतो. परतलो तर फाटक आत वाकलेलं. देवघरातल्या डब्यापुढं बसलो, तर त्यात सहाच दिवस. चार कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला चार मेगाबिट, म्हणजे दिवसाला एका कॅमेऱ्याचे ४३ जीबी, चौघांचे १७२. एक टीबी सहाव्या दिवशी भरते आणि मग डबा जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. आम्ही आठ दिवस गेलो होतो. फाटक पहिल्या दोन दिवसांतच वाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण १८ महिने जपून ठेवायला सांगितलं आहे. माझ्या डब्याची स्मृती आमच्या नात्यातल्या उसने पैसे नेणाऱ्यांएवढी. हा गुणाकार मी कॅमेरे घेण्याआधी करायला हवा होता. तीस वर्षं व्याजाचे गुणाकार केलेला माणूस मी. मग पोरानं एच २६५ नावाचं काहीतरी केलं, त्यानं निम्म्या जागेत तेवढंच मावू लागलं. हे बटण आधीपासून होतं. दाबलं नव्हतं.

तर तो आला. सकाळी पलीकडच्या ओळीतला कुत्रा बेपत्ता, मातीत ठसे, गल्लीत गर्दी. मी ऐटीत सगळ्यांना देवघरात नेलं. फाटकाचा कॅमेरा उघडला. काळ्यापांढऱ्या चित्रात आधी दोन दिवे चमकले. अंधारात पाहणाऱ्या जनावरांच्या डोळ्यांमागं आरशासारखा पडदा असतो, तो प्रकाश परत फेकतो. मग खांदे, मग ती लांबलचक शेपटी. बिबट्या. तो आमच्या कंपाउंडवरून इतका बिनआवाज उतरला, की चित्रात आवाज नसतो हे माझ्या लक्षात आलं नाही. कोळी पाहून ओरडलेला मी, या वेळी काहीच बोललो नाही. पलीकडं आठ फुटांवर खिडकी होती, खिडकीशी आईची खाट.

वनरक्षक आला. चित्र पाहून त्यानं विचारलं, “कधीचं आहे काकाजी?”

“काल रात्रीचं.”

“याच्यावर तं १ जानेवारी २००० लिहून आहे.”

मागच्या लोडशेडिंगला इन्व्हर्टरही दमला, आणि डब्याच्या घड्याळाचा सेल मेला होता; वीज आली तसा डबा एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जाऊन बसला होता. सगळे माझ्याकडं पाहू लागले. वनपाल काका शांतपणे म्हणाले, “१ जानेवारी २००० ला मी इथंच ड्यूटीवर होतो. नव्हता आला.”

हसलो सगळे. पण त्या संध्याकाळी काका नेहमीसारखे उठून गेले नाहीत. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात गेलेली माणसं त्यांनी उचलून आणली आहेत. ताडोब्याच्या बफरमध्ये सीतारामपेठला आता असे कॅमेरे बसलेत, जे वाघ किंवा बिबट्या ओळखून गावाला आणि वनखात्याला इशारा देतात. “तिकडं वाट कोणाची, हे कॅमेऱ्यालेही ठाऊक असते,” काका म्हणाले. मी संदेश पुन्हा सुरू केले. लेंग्यासकट. घड्याळ लावलं. आईची खाट आतल्या खोलीत नेली. ती दोन दिवस बोलली नाही.

आता राहिली गोष्ट आमच्या जास्वंदीची. समोरच्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात तक्रार केली होती, की तुमचा कॅमेरा आमच्या दारात पाहतो. तक्रार रास्त होती. पोरानं चित्रात त्यांच्या दारावर एक काळा चौकोन ओढून दिला. तेवढा भाग डब्याला दिसतच नाही. त्या चौकोनाच्या कडेला आमची जास्वंद येते. बिबट्याचं चित्र पुढंमागं करताना मला एक विलक्षण दृश्य दिसलं. रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी त्या काळ्या चौकोनातून एक हात बाहेर येतो, चार कळ्या खुडतो आणि चौकोनात परत जातो. माणूस नाही, सावली नाही. नुसता हात. मागं जाऊन पाहिलं: सगळ्या दिवशी तेच. मनगटात चार बांगड्या. रंग कळत नाही, कारण अवरक्त प्रकाशात सगळं काळंपांढरं.

मी बायकोला दाखवलं. तिनं एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं.

“ओळखलंस?”

“ओळखलं.”

“कोण?”

“तुमच्या फाइव्ह मेगापिक्सलला विचारा.”

त्या चौकोनाला तिनं चोर खिडकी असं नाव ठेवलं. दोन दिवसांनी तिनं माझ्या फोनवरून पोराला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“अरे, तो काळा चौकोन थोडा मोठा करता येतो का? जास्वंदीची वरची फांदी बाहेर राहून जाते.”

“होते ना काकू,” तो म्हणाला. “व्हिजिटचे तीनशे लागतील.”