सोललेले वांगे आणि सार्वजनिक नीतिमत्ता

जळगावकडच्या असोद्याचा फोनवरचा भरताचा ग्रुप ऐन हंगामात वारला. कारण लेखी कळवण्यात आले आहे: लैंगिक स्वरूपाचा मजकूर.

मजकूर वांग्यांचा होता. चंपाषष्ठी उलटली तशी पुण्या-सुरतेकडची मंडळी सवयीने विचारू लागली, वांगी कधी पाठवता, भाव काय, यंदा पार्टी कोणाच्या मळ्यात. गावातून उत्तरादाखल फोटो गेले. पहिल्यात वांगी टोपलीत. दुसऱ्यात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर. तिसऱ्यात भाजून, साल काढून, देठ तेवढा ठेवून ताटात ओळीने निजवलेली. तिसरा फोटो पडला आणि ग्रुप उडाला. फोटो तपासणाऱ्या यंत्राची नैतिक भूमिका यावरून स्वच्छ कळते. सालीसकट वांगे ही भाजी, सालीवाचून वांगे ही नग्नता.

भूमिका एकदा कळली की पाळणे आपले कर्तव्य. तेव्हा खानदेशातल्या आयाबहिणींनी यापुढे वांगे सोलताना स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यावी. बडजीत ठेचायला घेण्याआधी त्यावर एखादा पंचा टाकावा. ठेचणारा आणि वांगे यांच्यात सभ्य अंतर असावे. भरीत पार्टीच्या निमंत्रणावर ‘फक्त प्रौढांसाठी’ असे छापावे, आणि कळण्याची पुरी खाणाऱ्या पोराटोरांना पाठ करून बसवावे. मिरची, लसूण, कांद्याची पात यांवर अजून आक्षेप आलेला नाही, पण पातीच्या खाली कांदा असतो आणि कांद्याचे चारित्र्य संशयास्पद आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलँडमधल्या एका बियाणेवाल्याची जाहिरात अशाच यंत्राने नाकारली होती. जाहिरातीत वाल्ला वाल्ला जातीचे कांदे होते. यंत्राला ते उघड उघड कामुक वाटले. तिथे निदान कोणा माणसाने उठून फोटो पाहिला, कांदा ओळखला, माफी मागितली आणि जाहिरात परत लावली. कांदा ओळखणारा माणूस ठेवणे त्यांना परवडते. वांगे ओळखणारा परवडत नसावा.

वांग्याची ही बदनामी मोबाइलमुळे झाली, हे मान्य. जपानी फोनांतली चिमुकली चित्रे २०१० साली जगभरच्या फोनांसाठी एका संचात घेतली गेली, त्यात वांगेही होते. पुढे पोरांनी त्या चित्राला नसता अर्थ लावला आणि २०१५ साली एके ठिकाणी त्या चित्राचा हॅशटॅग शोधण्यावरच बंदी आली. पण ते वांगे जांभळे! आमचा खरा संताप इथे आहे. जळगावचे भरताचे वांगे हिरवे असते. फिकट हिरवे, वर पांढरट रेघा, हातात मावणार नाही एवढे. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते कोण, कुठले, कोणाचे, हे सरकारदरबारी नोंदलेले आहे. जांभळ्या वांग्याने कोणत्या देशात काय चाळे केले, त्याची शिक्षा हिरव्याने का भोगावी? आणि मुळात जांभळ्या वांग्याचे भरीत करतेच कोण? करतात, पुण्या-मुंबईत करतात. वर टोमॅटो घालतात. काही घरांत दही घालतात. ते दही घातलेले पांढरट प्रकरण वाटीत घेऊन, चमच्याने, चपातीशी खातात आणि आम्हाला विचारतात, ‘तुमच्याकडचं भरीत जरा तेलकट असतं ना?’ त्यांच्या वाट्यांचे फोटो आजही सर्वत्र झळकताहेत, त्यावर बंदी नाही. सार्वजनिक नीतिमत्तेचे रक्षणच करायचे असेल तर सुरुवात दह्यापासून करायला कोणाची हरकत आहे?

आम्हाला बंदीचे वावडे नाही. वांग्यावर आमच्याकडे दरसाल बंदी येते. चातुर्मास लागला की पाळणारी घरे वांगे सोडतात ती थेट चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून धरतात. पण ही बंदी कधी लागणार आणि कधी उठणार, हे भिंतीवरच्या कॅलेंडरात आधीच छापलेले असते. बंदी घालणारा देव आहे, तरी त्याने तारीख दिली आहे.

ग्रुपचे अ‍ॅडमिन नाना. त्यांनी फेरतपासणीचे बटण दाबले. चष्मा काढून टेबलावर ठेवेपर्यंत उत्तर आले: आम्ही आपल्या विनंतीचा काळजीपूर्वक विचार केला आहे. मग ओळख पटवा म्हणून हुकूम आला. नानांनी आधार कार्डाचा फोटो दिला, फोनसमोर मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वर केली. नाना माणूस आहेत, हे यंत्राने मान्य केले. समोर माणूस आहे का, हे विचारायची सोय मात्र नानांना नाही. तलाठी निदान ‘उद्या या’ म्हणतो, आणि उद्या जाऊन भांडता येते. इथे भांडायला खिडकीच नाही. नानांच्या आई हा सोहळा शेजारी बसून पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, ‘अरे बापा, वांगं हाये ते! त्याले कायची लाज?’ हे वाक्य टाकायला अर्जात रकाना नाही. रकाने तीनच: उल्लंघन चुकून झाले, उल्लंघन झाले नाही, इतर. ‘इतर’ दाबले की पहिले पान पुन्हा उघडते.

देशात कायदा आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत लिहिले आहे, की मोठ्या समाजमाध्यमाने असा मजकूर स्वतःहून काढायचा तर आधी कारण कळवावे आणि दाद मागायची वाजवी संधी द्यावी. तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यावी आणि ठरलेल्या मुदतीत निकाल. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत वर अपील, ही सोय २०२२ च्या दुरुस्तीने झाली. वाचून नाना गहिवरले. तक्रार लिहायला बसले. अर्जात सूचना होती: आक्षेपार्ह मजकूर कोणता ते सांगावे, शक्य तर सोबत जोडावा. मजकूर ग्रुपमध्ये होता आणि ग्रुप नाही. एकाच्या फोनमध्ये तिसरा फोटो सापडला, तो नानांनी जोडला. आता पोच येते की नानांचे खातेही जाते, याकडे गाव डोळे लावून बसला आहे.

आणि हेच यंत्र बोगस बियाणे पाहून डोळे मिटते, ते कसे? गेल्या पेरणीच्या आधी नानांनी एका पानाची तक्रार केली होती. बिनपावतीचे कपाशीचे बियाणे, आगाऊ पैसे पाठवा, पाकीट घरपोच. उत्तर आले: या पानावर आमच्या मापदंडांचे उल्लंघन आढळले नाही. शेतकऱ्याचा हंगाम बुडवणे मापदंडांत बसते. न उगवलेल्या वावराचा फोटो टाका, त्यात यंत्राला काहीच अश्लील दिसणार नाही. वीजबिलाच्या नावाने म्हाताऱ्यांची खाती रिकामी करणारे मापदंडांत बसतात, मिनिटात कर्ज देऊन वर्षभर धमकावणारे बसतात, पैसे मोजून जाहिरात करतात म्हणून तर ऐटीत बसतात. पैसे न मोजणारे एक वांगे तेवढे ताटात आडवे झाले, तर जगाची मर्यादा सुटली!

दरम्यान नवा ग्रुप काढायचे ठरले आहे. त्यात वांग्याचा फोटो पडणार नाही, भावही खुणेने कळवायचा. ग्रुपच्या दर्शनी भागी चित्र कोणते, यावर पारावर बराच खल झाला. शेवटी एका जाणत्याने सुचवले, की जळगाव केळ्यांचा जिल्हा, आपल्या केळ्यालाही २०१६ चेच मानांकन आहे, तेव्हा केळे लावा. तेही सोललेले नको, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. प्रस्ताव नानांच्या विचाराधीन आहे.