एक अश्वशक्तीचं घर

गावातल्या कुठल्याही आळीत शिरा, पाच-सहा घरं ओलांडली की एखाद्या दारावर पाटी दिसतेच. ‘येथे साडीला फॉल-पिको करून मिळेल.’ ‘दळण दळून मिळेल.’ ‘घरगुती येसर व शेवया मिळतील.’ आत गेलं की दुकान काही सापडत नाही. पलंग असतो, पलंगावर पाढे पाठ करणारं पोरगं असतं, भिंतीवर हार घातलेले सासरे असतात आणि या सगळ्यांच्या मधोमध मशीन. गिऱ्हाईक पलंगावरच टेकतं, चहा घेतं, लेकीच्या स्थळाची चौकशी करतं आणि पैसे पुढच्या बाजारी द्यायचं ठरवून उठतं. घरमालकिणीला विचारा, काय धंदा करता? ती म्हणेल, "धंदा कुठला, घरीच असते मी."

सरकारी कागदाला मात्र असं मोघम चालत नाही. त्याच्या लेखी खोलीत माणूस एक तर राहतो, नाहीतर कमावतो. आमच्या केज तालुक्यातल्या गावात छापील कागद शेवटपर्यंत वाचणारा म्हणून माझी थोडी बदनामी आहे. त्यामुळे शेजारच्या काकूंनी घरी पिठाची गिरणी घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा कागदांची पिशवी माझ्याच ओट्यावर आली.

गिरणी म्हणजे पट्ट्यावर धडधडणारी मोठी नव्हे. कपाटासारखी उभी, सनमायका लावलेली, सिंगल फेजवर चालणारी घरघंटी. मोटार 1 एचपीची. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग अशा गिरण्या आणि शिलाई मशीन अनुदानावर देतो. अर्जाला आधार, उत्पन्नाचा दाखला, लाइट बिल आणि घराचा नमुना 8 चा उतारा लागतो. काकूंचं म्हणणं एवढंच होतं, की हे सगळं जोडून गिरणी आली आणि मागून कुणी ‘राहत्या घरात धंदा कसा काय?’ म्हणून नोटीस धाडली, तर काय करायचं.

मग मी वाचायला बसलो. मुंबई आणि काही मोजके अपवाद सोडून सगळ्या राज्याला 2020 च्या डिसेंबरात एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. जाडजूड ग्रंथ आहे. पण रहिवासी भागात काय चालेल, त्या यादीत अगदी वरच्या बाजूला एक मायाळू कलम बसलंय. घरातल्या माणसांनी, पगारी मजूर न लावता परंपरेनं चालवलेले घरगुती उद्योग चालतील. उदाहरणं दिलीत शिवणकाम, भरतकाम आणि बटणं बनवणं. वीज वापरायची तर भार 0.75 किलोवॅटच्या वर नको.

बटणं वाचून मी थबकलो. आमच्याकडे तुटलेलं बटण लावणाऱ्या बाया घरोघरी आहेत, बनवणारी एकही नाही. जुन्या नियमावल्यांतून हे बटण ओघळत ओघळत इथवर आलं असावं. पगारी मजूर नको, ही अट तर आमच्या घरांनी कायदा होण्याच्या किती आधीपासून पाळलीय! बिनपगारी मनुष्यबळ इथं मुबलक. सून, लेक, सुट्टीला आलेला भाचा. राहता राहिला विजेचा भार. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, म्हणजे 0.75 किलोवॅटला चार वॅट कमी. नियम करणाऱ्यानं काकूंची गिरणी मोजूनच आकडा टाकलाय की काय, असं वाटावं. फक्त गिरणी चालू असताना पंखा कुठल्या खात्यात धरायचा, ते मी काकूंना मुद्दामच सांगितलं नाही.

विजेच्या बिलाची भीती त्याहून मोठी होती. "कमर्शिअल मीटर बसवत्यात म्हणं," काकू म्हणाल्या. इथं वीज नियामक आयोग मदतीला आला. राहत्या घराच्या एका भागात काही कामधंदा चालत असेल, महिन्याचा वापर 300 युनिटांच्या आत आणि आदल्या आर्थिक वर्षाचा 3600 च्या आत असेल, तर दर घरगुतीच लागतो. आम्ही ओट्यावर खडूनं हिशोब मांडला. गिरणी रोज चार तास फिरली तरी दिवसाला 3 युनिट, महिन्याला 90. टीव्ही, फ्रिज, पंखे धरूनही घर 300 च्या आत राहतं. शिवाय आमच्याकडे एक नैसर्गिक सूटही आहे. दसरा झाला की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यांवर जातं. घरी म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं उरतात, त्यांचं दळण ते कितीसं? निघायच्या आधीचे आठ दिवस मात्र गिरणीला श्वास नसतो. मे महिन्यात माणसं परतलेली, लग्नं लागलेली, तेव्हाही तेच.

अडलं ते ग्रामपंचायतीत. घरपट्टी वापरावर ठरते. निवासी वापराला कमी, वाणिज्य वापराला जास्त. उतारा आणायला मी काकूंसोबत गेलो होतो. ग्रामसेवक भाऊसाहेब (आता त्यांचा हुद्दा ग्रामपंचायत अधिकारी झालाय, पण गावाला अजून ते मान्य नाही) रजिस्टर चाळत सहज म्हणाले, "गिरणी बसली तर ती खोली वाणिज्यमध्ये जाती बरं का, काकू."

काकूंनी पदर खोचला. "भाऊसाहेब, त्या खोलीत माझी सून बाळंत झाली. पोरं तिथंच झोपत्यात. जावई आले की त्यांचं अंथरूणबी तिथंच पडतं. मग जावई आल्यावर तिला काय लॉज म्हणून लिहिताव का?"

भाऊसाहेबांनी रजिस्टर मिटलं. उताऱ्यावर ‘निवासी’ असं छान गोल अक्षरात आलं.

चार दिवसांनी याच काकू नेमकी उलटी गोष्ट सिद्ध करायला तालुक्याला निघाल्या. अनुदानाची यादी कधी लागेल याचा भरवसा नाही, म्हणून शिशु मुद्रा कर्ज काढायचं ठरलं. ते 50,000 पर्यंत मिळतं. बँकेला धंद्याचा पुरावा हवा. म्हणजे ग्रामपंचायतीत जी खोली बाळंतिणीची होती, ती बँकेत उद्योगाचं ठिकाण. खोटं दोन्हीकडे काहीच नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. सेतूवरच्या पोरानं आधारवरून उद्यमची नोंद करून दिली. 2020 पासून ती फुकट होते. मग शॉप ॲक्ट. त्याचा लोकांनी उगाच बाऊ केलाय. 2017 च्या कायद्यानं दहाच्या आत कामगार असलेल्यांची नोंदणी आणि नूतनीकरणाची कटकट काढून टाकली. धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन कळवायचं आणि पावती घ्यायची. फॉर्मात ‘कामगारांची संख्या’ विचारली होती. काकू म्हणाल्या, "शून्य लिही बाळा, मी घरीच असते." येसर-शेवया विकणाऱ्या जाऊबाईंना अन्न सुरक्षेचा 14 आकडी नंबर वेगळा घ्यावा लागला. पाकिटापेक्षा नंबर लांब, अशी त्यांची तक्रार आहे.

एक शेवटची बाब राहिली होती, ती मी स्वतःहून काढली. 2022 च्या दुरुस्तीनं लहानातल्या लहान आस्थापनेलाही मराठी पाटी सक्तीची झाली; देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको. मुंबईतले व्यापारी त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. काकूंच्या दारावर खडूनं ‘दळण’ एवढंच लिहिलंय. दुसरी लिपी घरात कुणाला लिहिताच येत नाही, धाकटा नातू सोडला तर. त्यानं खाली ‘ओपन’ लिहिलं होतं, तेही देवनागरीतच.

"आणि समजा, तपासायला कुणी साहेब आलेच तर?" मी विचारलं.

"येऊ द्या की," काकू म्हणाल्या. "फक्त येताना म्हणावं दोन पायल्या ज्वारी घेऊन या. रिकामी गिरणी मी कुणाला चालवून दाखवत नाही."