जुनी जपानी गाडी : व्याप्ती, लक्षणे व उपद्रव

(रंगमंचावर फळा. वक्त्याच्या हातात छडीऐवजी बॉनेटला टेकू देणारी सळई. कोट मास्तरांचा, बाह्यांना ग्रीस. आवाज शेवटपर्यंत पाठ्यपुस्तकी. हसण्याचे काम प्रेक्षकांचे.)

जुनी जपानी वेगवान गाडी म्हणजे पंधरा वर्षांची पासिंगची मुदत उलटलेली, चालू स्थितीत असल्याची मालकाला खात्री असलेली आणि ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नाला खोकून बगल देणारी मोटार होय. तिच्या मालकास शौकीन म्हणतात. घरचे त्यास वेगळ्या नावाने हाक मारतात. ते नाव या व्याख्यानाच्या कक्षेत येत नाही.

(फळ्यावर जगाचा नकाशा. त्यात फक्त जपान आणि ओझर.)

जगात या वेडाची दोन प्रमुख दैवते आहेत. पहिले माझदा मियाटा. १९८९ साली आलेली, दोन आसनांची, उघड्या टपाची, वजनाने टनाच्या आतली. एप्रिल २०१६ मध्ये या गाडीचा दहा लाखांचा आकडा पुरा झाला. दुसरे दैवत टोयोटाची एई ८६. ही १९८३ ते १९८७ या काळात निघाली, जुनी झाली आणि विस्मरणात जाण्याच्या बेतात होती. तेवढ्यात १९९५ मध्ये शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रमालिका आली. तीत एक पोरगा बापाच्या दुकानातला तोफू पहाटे घाटातून पोचवतो आणि त्याच गाडीने भल्याभल्यांना मागे टाकतो. तेव्हापासून या गाडीची किंमत अशी वाढली की आता ती तोफूवाल्याच्या बापालाही परवडणार नाही.

नाशिकजवळच्या ओझरमध्ये यांपैकी एकही दैवत आढळत नाही. ओझरच्या परिसरात माझदा म्हटले की स्वराज माझदा आठवते, आणि तिच्यात एक तर वऱ्हाड असते किंवा टोमॅटो. बाहेरून जुनी गाडी आणावी, तर आयातीचा नियम आडवा येतो : वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी नसावी आणि ती मुंबई बंदरातूनच उतरावी. म्हणजे परदेशातून जुनी गाडी आणायला परवानगी आहे. अट एवढीच की ती जुनी नसावी.

(विराम. वक्ता नियम मनातल्या मनात पुन्हा वाचतो. मान डोलावतो.)

त्यामुळे ओझरच्या शौकिनाचे दैवत देशी मातीतलेच असते. १९९३ ची झेन आणि १९९४ ची एस्टीम. १९९८ मध्ये आलेली होंडा सिटी. त्याच वर्षी हिंदुस्थान मोटर्सने तिरुवल्लूरला बनवायला घेतलेली मित्सुबिशी लान्सर. ॲम्बॅसडर बनवणाऱ्या घराण्यात ही कशी जन्मली, हा आनुवंशिकीचा प्रश्न आहे. आणि १९९९ ची बलेनो. यांना स्पोर्ट्‌स कार म्हणावे का, याबद्दल मतभेद आहेत. चार दारे, मागे डिकी, डिकीत भाजी. परंतु लान्सरच्या मालकास हा आक्षेप मान्य नसतो. टॉमी मॅकिनेन नावाच्या फिनलंडच्या चालकाने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षे जागतिक रॅली अजिंक्यपद लान्सर इव्होल्यूशनमधून मिळवले. आपली लान्सर ही त्याच गाडीची सख्खी चुलत बहीण, असे मालक सांगतो. सख्खी आणि चुलत एकाच वेळी कशी, हे विचारू नये.

या गाड्या स्वस्त का झाल्या, हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण त्यांच्यावरच्या प्रेमाचे कारणही तेच आहे. भारतात मोटारीला एकच प्रश्न विचारला जातो. स्थळ पाहताना मुलाला पगार विचारतात, तसे गाडीला ॲव्हरेज विचारतात. होंडाने सिटीत व्हीटेक इंजिन घातले : पंधराशे सीसी, १०६ अश्वशक्ती, तीही मिनिटाला ६,८०० फेऱ्यांवर. त्या काळी त्या पैशात असे इंजिन दुसरीकडे मिळत नव्हते. बाजाराने विचारले, “ॲव्हरेज?” २००३ च्या अखेरीस नवी सिटी आली. तिची ताकद ७७ अश्वशक्ती, पेट्रोल पिते चमच्याने, मागे पाय पसरायला ऐसपैस जागा. खप उत्तम झाला. शौकीन त्या घटनेचा उल्लेख करताना आवाज खाली आणतो. जी गाडी बाजाराने नाकारली तीच पुढे एका बऱ्या बैलजोडीच्या किमतीत त्याच्या दारात आली, हे मात्र तो सोयीने विसरतो. सगळ्यांना ती आवडली असती, तर त्याला परवडली नसती.

(सळईने फळ्यावर तीन आडव्या रेघा.)

व्हीटेकचे कार्य थोडक्यात सांगता येते. शौकीन ते थोडक्यात सांगत नाही. इंजिनात हवा घेणाऱ्या झडपा उघडण्यासाठी कॅमशाफ्टवर उंचवटे असतात. साध्या इंजिनात उंचवटा एकाच मापाचा : कमी वेगाला सोयीचा धरला तर जास्त वेगाला इंजिनाचा श्वास अपुरा पडतो, जास्त वेगाचा धरला तर गाडी चौकात आचके देते. होंडाने दोन मापे ठेवली. हा प्रकार प्रथम १९८९ मध्ये जपानच्या इंटेग्रात आला. सिटीत या झडपा दाबायला दर सिलिंडरला तीन रॉकर. बाजूचे दोघे लहान उंचवट्यावर शांतपणे काम करतात. मधला मोठ्या उंचवट्यावर रिकामाच नाचतो. फेऱ्या वाढल्या की संगणक तेलाची एक झडप उघडतो, तेलाचा दाब येतो, दाबाने एक पिन सरकते आणि तिघांना एकत्र कुलूप लागते. मग तिघेही मोठ्या उंचवट्याप्रमाणे चालतात. माणसांत दाब वाढला की भाऊ वेगळे निघतात. होंडात दाब वाढला की तीन भाऊ एक होतात.

(वक्ता बोट वर करतो. कान देतो. आवाज बदलतो : आधी घुर्रर्र, मग एकदम वरच्या पट्टीत.)

हा आवाज ऐकण्यासाठी शौकीन दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ताणतो. शेजारी बसलेली व्यक्ती, बहुधा पत्नी, विचारते, “काही तुटलं का?” येथे एक तांत्रिक बाब नोंदवावी लागते. ही सगळी करामत तेलाच्या दाबावर चालते. तेल जुने, काळे किंवा कमी असेल तर पिन सरकत नाही आणि तीन भाऊ वेगळेच राहतात. सेकंडहँड घेतलेल्या अनेक व्हीटेक या अवस्थेत असतात. मालक तरीही आवाज ऐकू आल्याचे सांगतो.

आता ओझर. मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिकच्या पुढे, द्राक्षबागांत वसलेल्या या गावी १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग-२१ बनवण्यासाठी उभा राहिला. गावाच्या नावालाच मिग चिकटले. पुढे येथे सुखोई-३० जुळू लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये येथे तयार झालेले पहिले तेजस उडाले. पण शौकिनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते ओव्हरहॉल. मिग-२१ वायुदलात १९६३ साली आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले. बासष्ट वर्षे. हे विमान पुन्हा पुन्हा खोलून जोडणाऱ्या गावात २००१ सालच्या सिटीला म्हातारी म्हणणे हा गावाचा अपमान समजला जातो.

याचा परिणाम गॅरेजवर होतो. इतर गावांत इंजिन हेडचे बोल्ट ‘टाइट झालं, बस’ या मापाने आवळतात. ओझरमध्ये एखादा निवृत्त फिटर भेटला, तर तो टॉर्क रेंच काढतो, बोल्ट कुठून कुठे आवळायचे तो क्रम पाहतो आणि प्रत्येक आकडा वहीत लिहितो. काम विमानाच्या दर्जाचे होते. वेळही विमानाचाच लागतो.

“काका, गाडी कधी मिळंल?”

“घाई आहे का?”

“नाही, बहिणीचं लग्न आहे.”

“मग रिक्षा करा.”

(वक्ता वहीत काहीतरी लिहितो. खोडतो. पुन्हा लिहितो.)

गाडी मिळण्याचे मार्ग दोन. एक म्हणजे निवृत्त डॉक्टर : यांची गाडी दवाखाना ते घर एवढीच फिरलेली असते, निदान जाहिरातीत प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच असते. दुसरा मार्ग दिल्ली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर पंधरावे वर्ष जवळ आलेल्या गाड्या दक्षिणेकडे सरकू लागल्या. आग्र्याचा रस्ता ओझरवरूनच जातो. जाहिरातीची भाषाही जाणून घ्यावी. ‘इंजिनला हात लावलेला नाही’ म्हणजे तेलही बदललेले नाही. ‘किरकोळ काम’ म्हणजे दार उघडत नाही. ‘शौकिनासाठी’ म्हणजे दार बंद होत नाही.

दारात आलेली गाडी द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये मुक्कामाला जाते. नाशिकची हवा कोरडी, म्हणून पत्रा कोकणातल्यासारखा गंजून झडत नाही. हे या भागाचे भाग्य. मात्र बागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी झाली की काळी लान्सर मोरचुदी दिसते, आणि उंदरांना जपानी वायरिंगची चव फार लवकर कळते.

सुट्या भागांची कथा निराळी. ती बलेनोच्या मालकाकडून ऐकावी. जुनी बलेनो बंद पडली आणि २०१५ मध्ये त्याच नावाने वेगळीच गाडी बाजारात आली. तेव्हापासून दुकानाच्या काउंटरवर पुढील संवाद घडतो :

“बलेनोचा मागचा दिवा द्या. डावा.”

“शेठ, नवी का जुनी?”

“जुनी.”

“म्हणजे सोळाची?”

“नव्व्याण्णवची.”

(दीर्घ विराम.)

“तेव्हा बलेनो होती? मी नव्हतो ना भो.”

यानंतर शौकीन मुंबईला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जातो. तेथे सर्व काही मिळते; डावा दिवा हवा असता उजवा मिळतो. तोही तो घेतो.

परिवहन कार्यालयाचे प्रकरण लवकर उरकावे, कारण ते तेथे कधीच लवकर उरकत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. तिचे शुल्क मोटारीसाठी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ रोजी ते ५,००० झाले. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. वडिलांचा हिशेब सरळ असतो : एवढ्यात ठिबकच्या नळ्या आल्या असत्या. चिरंजीवांचे उत्तर असते, “अहो आप्पा, नळीला व्हीटेक नसतं.”

राहता राहिला प्रत्यक्ष वेग. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिकच्या परिसरात भरत असे आणि देशाच्या रॅली स्पर्धांत एस्टीम, बलेनो व पुढे मित्सुबिशी सीडिया यांनी नाव कमावले. हे रक्त आपल्या गाडीत आहे, अशा समजुतीने शौकीन रविवारी पहाटे चांदवडच्या पुढे राहूड घाटाकडे निघतो. पिंपळगावला टोल भरतो. घाटात पोचतो. समोर कांद्याचा ट्रक. त्यापुढे कांद्याचा ट्रक. जपानी पोराच्या गाडीत तोफू असायचा. येथे वेग ठरवतो तो कांदा. दुसरा गिअर, ताशी वीस. व्हीटेकची पिन हलत नाही. गाडी तापते, बाजूला घ्यावी लागते, बॉनेट उघडते.

(वक्ता सळई उभी धरतो, जणू तीवर बॉनेट तोललेले आहे.)

ट्रकवाले थांबतात, पाणी देतात आणि विचारतात, “भाऊ, ॲव्हरेज किती देते?”

परतीसाठी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. ओझरला त्याचे काही वाटत नाही. चंपाषष्ठीला खंडेरायाच्या यात्रेत तेथे बारागाड्या ओढतात. तेरावी आली, एवढेच.

(सळई खाली ठेवतो. कोटाच्या खिशातून गुंडाळलेला दिवा काढतो, प्रेक्षकांना दाखवतो.)

जाहीर निवेदन. १९९९ च्या बलेनोचा मागचा उजवा दिवा, न वापरलेला, अदलाबदलीसाठी उपलब्ध आहे. डावा ज्यांच्याकडे असेल त्यांनी प्रयोगानंतर रंगमंचामागे यावे. २०१६ ची बलेनो असलेल्यांनी कृपया येऊ नये.

(पडदा.)