दशांशराव

अतिवेगवान स्पोर्ट्स कारचे वेग, आराम आणि किंमत या तीन अंगांनी आयुष्यभर मूल्यमापन करणाऱ्या, पण ती विकत न घेणाऱ्या गृहस्थांना दशांशराव म्हणावे. पुणे, ठाणे आणि नाशिक येथे ते मुबलक आढळतात. वय पन्नाशीच्या आसपास, स्वतःची गाडी वॅगनआर. वाचक कधी ना कधी लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसलेले असणारच, त्यामुळे अधिक वर्णनाची गरज नाही. कोणी कोणत्याही गाडीचे कौतुक केले की ते एकच वाक्य म्हणतात: "ते ठीक आहे हो, पण दशांशामागे किती पडतं?"

येथे दशांश म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. थांबलेली गाडी ताशी 100 किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठते, हा अशा गाड्यांचा रूढ मापदंड आहे. मे 2024 मध्ये पोर्शेने नव्या 911 च्या भारतातील किमती जाहीर केल्या. साधी कॅरेरा 1 कोटी 99 लाख, कॅरेरा 4 जीटीएस 2 कोटी 75 लाख, दोन्ही एक्स-शोरूम. पहिलीला शंभर गाठायला 4.1 सेकंद लागतात, दुसरीला 3. फरक 76 लाखांचा आणि अकरा दशांशांचा. भागाकार केला की दर दशांशाला 6 लाख 90 हजार 909 रुपये पडतात. हा आकडा हाती आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. दशांशरावांनी मेहुण्याला झोपेतून उठवून सांगितले, "दर दशांशाला एक वॅगनआर!" पुढे स्पोर्ट क्रोनो पॅकेज घेतल्यास साधी कॅरेराही 3.9 सेकंदांत शंभर गाठते असे लक्षात आल्यावर मेहुण्याला पुन्हा उठवण्यात आले, कारण आता दशांश महागला होता.

एवढे पैसे जातात कुठे, हे त्यांना ठाऊक नसते असे मुळीच नाही. 911 चे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते. 1975 च्या सुमारास आलेल्या पहिल्या 911 टर्बोत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी काहीच होत नसे. धुराड्यातून जाणाऱ्या वायूने टर्बो फिरू लागला की सगळी ताकद एकदम येई, आणि वळणावर घाबरून पाय उचलला तर गाडीची शेपटी पुढे येऊ पाही. नव्या जीटीएसमध्ये टर्बोच्या दांड्यालाच विजेची मोटर जोडलेली आहे. वायूची वाट न पाहता ती टर्बोला गती देते, शिवाय गिअरबॉक्समध्ये आणखी एक मोटर आहे. एका पंगतीत हे समजावताना मठ्ठ्याची वाटी इंजिन झाली, जिलबी टर्बो झाली आणि आग्रह करायला आलेल्या यजमानांना दहा मिनिटे ताटकळत उभे राहावे लागले. जिलबीचे वेटोळे टर्बोला शोभते, हे मात्र मान्य करायला हवे.

आरामाच्या प्रकरणात शास्त्र तितकेच पक्के असते. कडक स्प्रिंग गाडीला वळणावर झुकू देत नाही, पण प्रत्येक खड्ड्याची बातमी थेट माकडहाडापर्यंत पोहोचवते. यावरचा एक उपाय 2003 च्या कॉर्व्हेटमध्ये आला. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधील तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण केले की ते तेल क्षणात दाट होते, त्यामुळे एकच गाडी शर्यतीत कडक आणि रस्त्यावर मऊ राहू शकते. भारतात यापेक्षा गाडीचे नाक सुमारे चार सेंटिमीटर वर उचलणारी सोय अधिक मोलाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच असावा. सोसायटीच्या दारातल्या गतिरोधकाने हे मानक वाचलेले नसते. दशांशराव ती उंची स्वतः पट्टीने मोजून आलेले असतात. वॉचमनने कारण विचारले, तर "पोर्शे आत येईल का ते बघतोय" असे खरेखुरे उत्तर देतात.

शोरूममध्ये ते पत्नीला नेतात. बसताना नाही, उठताना आराम कळतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. नव्या 911 कूपेत मूळ रचनेत मागची सीट नसते. मागितली तर कंपनी ती जादा पैसे न घेता बसवून देते. तीन अंगांच्या तुलनेत फुकट मिळणारी ही एकमेव गोष्ट असल्याने दशांशराव ती मागतातच. तिथे कोण बसणार, हा प्रश्न त्यांच्या पत्नी विचारतात. त्यांना त्याच रस्त्यावर मिक्सर दुरुस्तीला टाकायचा असतो.

किमतीच्या बाबतीत ते करांवर विशेष जीव लावतात. ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केल्यावर सचिन तेंडुलकरला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. ही गोष्ट सर्वांना आठवते ती मायकेल शूमाकरच्या हस्ते चावी घेतानाच्या छायाचित्रामुळे. दशांशरावांना आठवते ती 1 कोटी 13 लाखांची सीमाशुल्कमाफी, त्यावरचा गदारोळ आणि शेवटी फियाटने भरलेली रक्कम. शतकामागे सुमारे 3 लाख 90 हजार, असे ते लगेच सांगतात. 2025 मध्ये महाराष्ट्राने वाहनांवरच्या एकरकमी कराची कमाल मर्यादा 20 लाखांवरून 30 लाखांवर नेली, तेव्हा स्वतःच्याच खिशातून दहा लाख गेल्यासारखे ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी 100 ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. म्हणजे जीटीएसच्या साडेपाचशेच्या आसपासच्या अश्वशक्तीचे कायदेशीर काम तिथे तीन सेकंदांत आटोपते आणि पुढे घाटापर्यंत ती वॅगनआरच्याच वेगाने जाते. हे सांगताना दशांशरावांचा चेहरा उजळतो. त्यांच्या साऱ्या अभ्यासामागे हीच सुप्त इच्छा असल्याचा संशय येतो: दोन कोटींच्या गाडीत काही कमी निघावे.

तो संशय पूर्ण खरा नाही. शाळेतल्या एका मित्राने खरोखरच 911 घेतली आणि एका रविवारी चावी दशांशरावांच्या हातात दिली. ते सोसायटीच्या रस्त्याने दोन फेऱ्या मारून आले. गिअर तिसऱ्याच्या वर गेला नव्हता. उतरल्यावर त्यांनी पायपुसणीवरची माती हाताने झाडली, चावी परत दिली आणि त्या दिवशी कशाचाच भागाकार केला नाही. मित्राला टायरमध्ये हवा किती ठेवायची, हे ठाऊक नव्हते. ते त्यांनी कागदावर लिहून दिले.

हेच गृहस्थ शेजारच्या मुलाची पहिली गाडी घ्यायला त्याच्यासोबत जातात, तेही फक्त चहावर. टायरच्या कडेवर छापलेल्या क्रमांकातील शेवटचे चार आकडे तो टायर कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात तयार झाला ते सांगतात. 3523 असेल, तर 2023 चा पस्तिसावा आठवडा. नव्या गाडीला जुना टायर लावून देणारा विक्रेता त्यांच्यासमोर टिकत नाही. विम्यातली जास्तीची रक्कम, न मागितलेल्या अ‍ॅक्सेसरीज, "हॅंडलिंग"च्या नावाखालचे पैसे, सगळे ते ओळीने खोडायला लावतात. दोन कोटींच्या हिशेबात घोटलेला हात सात लाखांच्या बिलावर असा उपयोगी पडतो.

त्यांचा अंतिम निष्कर्ष विचारल्यास तो ठाम असतो: साधी कॅरेरा घ्यावी, जास्तीचे काही लावू नये, मागची सीट मात्र मागून घ्यावी. तेव्हा कोणतीही गाडी घ्यायची असेल, तर दशांशरावांना अवश्य सोबत न्यावे. त्यासाठी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा आणि त्यांच्या मेहुण्याला आदल्या दिवशी कळवावे.