भाडे देण्याची तयारी

एकवीस वर्षे मी परक्याच्या घरात भाड्याने काढली आणि त्या अवधीत घरमालक या प्राण्याविषयी माझी जी मते सिद्ध झाली, ती सभ्य मासिकात छापण्याजोगी नव्हती. त्यामुळे 1955 च्या ज्येष्ठात आमच्या निपुत्रिक आत्याबाई निवर्तल्या आणि पुण्याच्या नारायण पेठेतील त्यांचा दुचौकी वाडा, बारा बिऱ्हाडे, एक आड, दोन नळ व लाल फडक्यात बांधलेले भाड्याचे दप्तर यांसह माझ्या नावावर चढला, तेव्हा आजवर दिलेल्या सर्व शिव्यांचे धनीपण आपल्याकडे चालत आले, हे समाचाराला जमलेल्या मंडळींच्या देखतच माझ्या ध्यानात आले.

चौदावा उरकल्यावर दप्तर सोडले. प्रत्येक बिऱ्हाडाला एक पान, आणि जमेच्या रकान्यात जेथे आकडा असावा तेथे आत्याबाईंच्या बालबोध अक्षरातला शेरा : ‘मुलगी बाळंतपणाला आली आहे’, ‘नोकरी सुटली म्हणतात’, ‘संक्रांतीला देतो म्हणाले’, कोणती संक्रांत, याचा खुलासा नाही. बारांपैकी सात बिऱ्हाडे थकलेली होती. वास्तविक साऱ्या वाड्याचे भाडे महिना पंच्याऐंशी रुपये. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते तेच प्रमाण धरले; त्यानंतर तांदूळ चढला, कापड चढले, रॉकेल चढले, भाडे मात्र त्या रविवारी जे खाली बसले ते पुन्हा उठले नाही. इतक्या अल्प रकमेची थकबाकी ठेवायलाही अंगी काही कर्तृत्व लागते, असे मला वाटे.

पहिल्या तारखेला धोतर नेसून, टोपी घालून मी वसुलीस निघालो. तळमजल्यावरच्या शिंप्याने भाड्याचा शब्द निघताच गळ्यातली फीत काढून माझ्या छातीचे माप घेतले आणि ‘मालकांना असा कोट शोभत नाही’ असे म्हणून मला उसवल्यासारखे करून परत पाठवले. मास्तरांनी उठून स्वतःची खुर्ची दिली. घरात खुर्ची एकच असल्याने ते उभे, मी बसलेलो, अशा स्थितीत उभ्या मास्तरांकडे पैसे मागण्याचा धीर विद्यार्थिदशा संपून पंचवीस वर्षे झाली तरी मला होईना. बाकीच्यांनी कारणे सांगितली. ती ऐकताना मला ओळख पटू लागली. त्यांतली दोन तर मीच माझ्या जुन्या मालकाकरता प्रथम प्रचारात आणली, अशी माझी आजवर समजूत होती.

परंतु आमच्या वाड्याचे खरे भूषण म्हणजे दुसऱ्या चौकातले नाझरसाहेब. तीस वर्षे न्यायालयाच्या नोकरीत त्यांनी हुकूमनाम्यांची बजावणी केली, लोकांच्या घरांवर जप्त्या नेल्या, भांडीकुंडी मोजली, कुलपे ठोकली, आणि निवृत्त झाल्यावर अकरा महिने आमच्या आत्याबाईंचे महिना सात रुपयांचे भाडे दिले नाही. मी गेलो की आतून उत्तर येई, ‘पूजेत आहेत.’ सकाळी सातला गेलो, पूजा. नऊला गेलो, पूजा. एकदा चिडून भर दुपारी तीनला गेलो, तेव्हा देवांना थंडाईचा नैवेद्य चालू होता. इतकी उत्कट भक्ती मी आळंदीसही पाहिली नाही.

अखेर आडावर गाठ पडली. ‘मालक,’ ते कासरा ओढीत म्हणाले, ‘आपण तोंडी तगादा करता, हे चूक. तोंडी तगाद्याला दप्तरी किंमत शून्य. कलम बारा वाचलेत? भाडेकरू भाडे देत असेल, अथवा देण्यास तयार आणि राजी असेल, तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. आता माझी तयारी नाही, असे आपण कधी ऐकलेत का?’ ऐकले नव्हते. देणे राहिले होते. तयारी मात्र भरपूर होती. ‘नळ तोडू म्हणाल तर तोही गुन्हा. आधी लेखी नोटीस, मग महिन्याची मुदत, मग फिर्याद. वकील फार घेईल. मी मसुदा करून देतो, नगास पाच रुपये.’

आता मागे वळून पाहता, त्याच क्षणी मी दोर सोडून घरी जायला हवे होते. पण न्यायालयीन मराठीचा माझ्यावर लहानपणापासून पगडा आहे. सातही नोटिसा नाझरसाहेबांनी लिहिल्या, आणि सातवी स्वतःच्या नावाची लिहिताना लेखणी तिळमात्र कचरली नाही; उलट ‘सदरहू इसमाने टाळाटाळ चालविली आहे’ हे वाक्य त्यांनी फक्त तिच्यात घातले. नोटिसा रजिस्टर पोस्टाने गेल्या. माझ्या माडीवरून दुसऱ्या चौकात जायला बावीस पायऱ्या आणि एक तुळशीवृंदावन. त्या नोटिशीने पोस्टाच्या कचेरीपर्यंतचा फेरफटका करून तो प्रवास दोन दिवसांत पुरा केला. नाझरसाहेबांनी पोचपावतीवर सही केली, चष्मा लावून मजकूर वाचला आणि वर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, ‘हरकत घ्यायला कुठे जागाच ठेवली नाही!’

मुदतीच्या अखेरच्या दिवशी त्यांचे उत्तर आले. ते देण्यास तयार व राजी होते. सोबत हिशेब जोडला होता : अकरा महिन्यांचे भाडे सत्याहत्तर रुपये देणे, त्यातून सात मसुद्यांचे पस्तीस, स्थळप्रती व टपाल मिळून चौदा, आणि आत्याबाईंच्या तोंडी संमतीने आपल्या खोलीवर केलेल्या शाकारणीचे, कौलांसह, तेहेतीस वजा. या उत्तराच्या मसुद्याचा आकार मात्र त्यांनी माझ्याकडे लावला नव्हता. न्यायाने वागणारा माणूस. तोंडी संमतीला दप्तरी किंमत काय, हे मी विचारणार होतो. पण दप्तर उघडून पाहिले तो आत्याबाईंच्या अक्षरात शेरा : ‘कौले घाला म्हटले.’

बेरजा मी तीनदा केल्या. पाच रुपये मीच त्यांचे देणे लागत होतो.

इतर सहा नोटिशींपैकी मास्तरांनी आपल्या नोटिशीतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ती परत पाठवली, आणि शिंप्याने कोट शिवून आणला. तो मला बेताचा होतो, पण हिशेबात बसतो.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी बरोबर नऊ वाजता, नाझरसाहेब आपले पाच रुपये मागायला बावीस पायऱ्या चढून माझ्या दाराशी येतात. मी पूजेत असतो.