लेहचा रस्ता शीळफाट्यावरच अडतो

लडाखला रेल्वेने कशाला जायचं, विमान नाही का, असं आम्हाला येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो. कारण सरळ आहे. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटरवर आहे. सकाळी मुंबईत नाश्ता केलेला माणूस काही तासांत त्या विरळ हवेत उतरतो आणि डोकं ठणकायला लागतं. डॉक्टर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या म्हणतात. घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील असतील तर ही जोखीम घ्यायची कशाला? त्यापेक्षा रेल्वेने श्रीनगरला, म्हणजे साधारण १,६०० मीटरवर पोहोचावं, तिथून मोटारीने कारगिलला, २,७०० मीटरच्या आसपास, मुक्काम करावा आणि मग लेह गाठावं. वाटेत झोजिला आणि फोटुला या उंच खिंडी लागतात खऱ्या, पण तिथे झोपायचं नसतं. शरीराला सवय होत जाते.

६ जून २०२५ रोजी कटरा-श्रीनगर वंदे भारतचं उद्घाटन झालं आणि काश्मीर खोरं देशाच्या रेल्वेजाळ्याला जोडलं गेलं. चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल ज्यांनी बांधला, त्यांना हात जोडावेसे वाटतात. इतकं अवघड काम करणाऱ्या देशात तिकीट काढणं इतकं किचकट का असावं, ही माझी तक्रार आहे.

मुंबईहून श्रीनगरला थेट गाडी नाही, वाटेत बदलावी लागते. म्हणजे दोन आरक्षणं. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली गेली. ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के रद्द होतात, असं कारण रेल्वेने दिलं होतं. मला ते पटतं. पण मुदत प्रत्येक गाडीची वेगळी मोजली जाते. पहिल्या गाडीचं आरक्षण आज उघडणार, तिसऱ्या दिवशी पकडायच्या गाडीचं परवा, आणि परतीचं उघडायला आणखी दोन आठवडे. तोवर जाण्याच्या तिकिटाचे पैसे भरलेले, रजेचा अर्ज दिलेला, कारगिलच्या हॉटेलला आगाऊ रक्कम पाठवलेली. परतीचं तिकीट मिळेल की नाही, हे कोणालाच माहीत नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन एवढ्या उंचीवर जायचं आणि परतीला वेटिंग, ही काही योजना झाली नाही.

त्याहून छळणारी गोष्ट लोअर बर्थची. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, आणि तो असणं योग्यच आहे. पण तो एकट्या प्रवाशाला किंवा एका तिकिटावरच्या दोघांना, तेही दोघं वयाच्या अटीत बसत असतील तरच. आम्ही चौघं एका तिकिटावर आलो की तो कोटा बंद. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला मधल्या बर्थवर चढवणार कोण? मग त्या दोघांचं एक तिकीट, आमचं दुसरं. सकाळी आठला आरक्षण उघडतं. आईवडिलांची नावं, वयं टाकायची, ‘लोअर बर्थ मिळाला तरच’ या चौकोनात खूण करायची, पैसे भरायचे, बँकेचा ओटीपी येण्याची वाट पाहायची. हे पार पडून आपलं तिकीट काढायला बसावं तर डबा बदललेला असतो. आईवडील बी-टूमध्ये आणि आम्ही बी-सिक्समध्ये. ज्यांना रात्री उठताना हाताला धरायचं, त्यांच्यापासून आपण चार डबे लांब. कुटुंबातल्या ज्येष्ठांना खालचा बर्थ आणि बाकीच्यांना त्याच डब्यात जागा, एवढं संगणकाला सांगता येऊ नये?

भाड्यातली सवलत तर मार्च २०२० पासून गेलीच. साठीवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या स्त्रियांना ५० टक्के सूट होती. करोनाच्या दिवसांत ती थांबवली, ती परत आली नाही. ज्यांनी आयुष्यभर दिवा आणि डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभं राहून नोकऱ्या केल्या, त्यांनाच एकदा पाय पसरून प्रवास करायचा असतो.

एवढं करून तिकीट हातात आलं की उरतो आमचा शीळफाट्याचा चौक. आमच्या कल्याणहून जम्मूकडे रोजची गाडी नाही. तिकडच्या गाड्या पश्चिम रेल्वेवरून सुटतात, म्हणून वांद्रे टर्मिनस किंवा बोरिवली गाठायचं. दिवा-वसई मार्ग आहे, पण त्यावर मोजक्याच मेमू. लोकलने जायचं तर दिव्याला चढा, दादरला बदला, खारला उतरून टर्मिनसच्या पादचारी पुलावरून चाला. गाडी सकाळची असेल तर बॅगा आणि आईचा वॉकर घेऊन दिव्याच्या गर्दीत शिरणं अशक्यच. मग मोटार, आणि तिची वाट शीळफाट्यावरूनच. अवजड वाहनं सोडायची वेळ झाली की मुंब्रा बायपास, महापे आणि कल्याण या तिन्ही बाजूंनी ट्रेलर फाट्यावर येऊन उभे राहतात. ॲपवर मागवलेली गाडी नकाशात वीस मिनिटं एकाच ठिकाणी दिसते आणि मग चालकच फेरी रद्द करतो. म्हणून इथली माणसं लांबच्या गाडीसाठी पाच-सहा तास आधी निघतात, नाहीतर आदल्या रात्रीच अंधेरी-बोरिवलीच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जातात.

बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलापासूनचा २१ किलोमीटरचा बोगदा आमच्या शीळफाट्यालाच बाहेर पडतो. त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. तो पुरा होवो, आम्हाला हवाच आहे. पण तोवर रेल्वेने तीन गोष्टी कराव्यात. जाण्याचं आणि परतीचं आरक्षण एकाच दिवशी काढता यावं. एकत्र निघालेल्या कुटुंबातल्या ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळावा. आणि दिवा-वसई मार्गावरच्या मेमूंच्या फेऱ्या वाढवून त्यांच्या वेळा उत्तरेकडच्या गाड्यांशी जुळवाव्यात. कल्याण-डोंबिवली, दिवा, शीळ इथल्या प्रवासी संघटनांनी तिसरी मागणी तरी लावून धरावी. रूळ आधीच टाकलेले आहेत.