शीळ आणि सबब

खापरात वकिलाकडे दोन गोष्टी फुकट मागायची रीत आहे : सल्ला आणि अक्कलकुव्यापर्यंत मोटरसायकलवर मागची सीट. गेल्या लग्नसराईत चुलतभावाने तिसरी मागितली. म्हणाला, "दादा, वरातीत आपलं स्वतःचं गाणं वाजलं पाहिजे. तुला लिहायची सवय आहेच."

सवय होतीच. अठरा वर्षं अर्ज, कैफियती, प्रतिज्ञापत्रं लिहितोय. शिवाय परंपराही पाठीशी. मेहकरचे ना. घ. देशपांडे वकीलच होते. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी गायली, १९३२ साली तिची रेकॉर्ड निघाली आणि खूप गाजली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना आजही तिचं नाव घेतात. गंमत म्हणजे जोशीही कायद्याचे पदवीधर. पुढे ते कोर्टाऐवजी एचएमव्हीत रमले. लिहिणारा वकील, गाणारा एलएलबी, आणि अख्ख्या गाण्यात एकही 'सबब' नाही!

रात्री जेवून बसलो. बाहेर अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर ट्रक हॉर्न देत होते, आत मी यमक शोधत होतो. बाराच्या सुमारास पहिलं कडवं झालं. त्यात 'सदर वधू' आली. दुसऱ्यात वरातीची चतुःसीमा : पूर्वेस मारुतीचं देऊळ, पश्चिमेस डांबरी रस्ता. शेवट 'येणेप्रमाणे' वर.

बायकोने वाचून विचारलं, "अहो, यात नवरी वादी आहे की प्रतिवादी?"

सकाळी एका जुन्या पक्षकाराला चालीवर ऐकवलं. माझी फी थकलेली असल्यामुळे त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाला, "भाऊ, हाई गानं शे का समन्स?"

मुकाट्याने 'शीळ' पुन्हा काढली. वकिलाच्या नजरेने पाहिलं तर शीळ ही नोटीसच की! पण हिला रजिस्टर पोस्ट नाही, पोचपावती नाही, बेलीफ नाही. तरी रानातून जाते आणि जिला मिळायची तिलाच बरोबर मिळते. माझ्या नोटिसा पत्ता पूर्ण असून परत येतात.

मग ना. घं.च्या तारखा पाहिल्या. 'शीळ' हा संग्रह आला १९५४ मध्ये, रेकॉर्डनंतर बावीस वर्षांनी. 'अभिसार' १९६३ ला. 'खूणगाठी'ला १९८५ उजाडलं. म्हणजे पुन्हा बावीस वर्षं. आमच्याकडे भावाभावांच्या वाटपाचे दावेसुद्धा कधीकधी याच्या आधी मिटतात. पण त्याच 'खूणगाठी'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आम्ही तारीख मागतो ती तयारी नसते म्हणून. हे गृहस्थ तयारी पुरी होईपर्यंत स्वतःच स्वतःला तारीख देत असावेत. आणि मी? एका रात्रीत एकतर्फी निकाल लावून मोकळा.

वरातीच्या दिवशी कागद बँडवाल्याच्या हाती दिला. त्याने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, घडी घालून खिशात ठेवला आणि भलतंच अहिराणी गाणं सुरू केलं. नवरदेवासकट सगळी वरात नाचली. दुसऱ्या कडव्याला मीही नाचलो.

मी अपिलात गेलो नाही. निकाल योग्य होता.